आधार आणलाय का?

प्रस्तावना

पिशोरहून पहाटेची एसटी पकडायची, खांड ओलांडून कन्नडला यायचे आणि तिथून छत्रपती संभाजीनगर गाठायचे. आमच्या मोठ्या मायने शेवटच्या वर्षात हा प्रवास इतक्या वेळा केला की कंडक्टरही तिची जागा राखून ठेवू लागला. गालाच्या आतून जखम होती, मिसरीने झालेली. दवाखान्यात पहिल्या दिवशी खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता विचारले, "आधार आणलंय का?" मायने कार्ड सरकवले. त्यावरून नाव, वय, पत्ता उतरून घेतला गेला. पुढच्या कागदावर 'धर्म' असा एक रकाना होता. तो तिला कोणी विचारला नाही. कपाळावरचे कुंकू आणि गळ्यातली तुळशीची माळ पाहून तो भरला गेला, आणि बरोबरच भरला गेला.

चारेक रात्रींनंतर रात्रपाळीच्या सिस्टरने तिच्या उशाशी बसून विचारले, "मावशी, झोप लागत नाही तेव्हा काय करता हो?" आम्हाला वाटले, माय म्हणेल, नाव घेते. माय म्हणाली, "वावरात जाऊन येते. हिरीपासून सुरू करते, बांधाबांधानं जाते. अद्रकीपाशी गेलं की डोळा लागतो."

सिस्टरने ते कागदाच्या पाठीमागे टिपून ठेवले. दुसऱ्या रात्री औषध देताना तिने विचारले, "आज कुठपर्यंत गेल्ता?" त्या वॉर्डात माय पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

आरोग्यसेवेतील अध्यात्म या विषयात मी शिरलो तो या दोन नोंदींमुळे. एक कागदाच्या पुढच्या बाजूला होती, एक मागच्या. पुढची खरी होती, पण तिच्यावरून मायची रात्र कशी सरते हे कुणालाच कळले नसते. या विषयाच्या दारात नव्याने उभ्या असलेल्या वाचकाचे, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो, आशाताई असो की घरच्या आजाऱ्याची उशी सारखी करणारा मुलगा असो, मी स्वागत करतो आणि दार उघडण्यापूर्वी एवढेच सुचवतो की कागद उलटून पाहायची सवय लावून घ्यावी.

परदेशी वैद्यकात ज्याला 'स्पिरिच्युअल केअर' म्हणतात, त्याला मराठीत 'आध्यात्मिक काळजी' म्हणू लागलो की ऐकणारा सावध होतो. कोणाला प्रवचन आठवते, कोणाला बुवा, कोणाला श्वासाचे शिबिर. डॉक्टरला वाटते, हा आपला प्रांत नव्हे. या सगळ्यांच्या शंका रास्त आहेत, म्हणून व्याख्येपासून सुरुवात करणे भाग आहे.

हा विचार आधुनिक रुग्णालयात रुजवला तो सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचे ऐकता ऐकता 1960 च्या दशकात त्यांनी समग्र वेदनेची कल्पना मांडली. दुखणे शरीराचे असते, मनाचे असते, घरदार आणि पैशाअडक्याचे असते आणि 'हे सगळे कशासाठी' या प्रश्नाचेही असते. यातला एक धागा सोडला तर बाकीचे तीन सैल होत नाहीत. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारे ठिकाण, सुरू केले. बाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. तरीही चौथे दुखणे केवळ देव मानणाऱ्याला होते असे त्यांनी मानले नाही. धर्म आणि अध्यात्म यांतला फरक इथे एका आस्तिक बाईने, रुग्णाच्या खाटेशेजारी बसून ओळखला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कागदावर हा फरक उतरवणे मात्र जड गेले. जागतिक आरोग्य संघटनेची 1948 पासून लागू असलेली आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्यावर थांबते. 1984 मध्ये संघटनेच्या महासभेने आरोग्याला आध्यात्मिक अंग असल्याचे ठरावाने मान्य केले. 1998 मध्ये ते अंग थेट व्याख्येत घालावे असा प्रस्ताव आला, पण व्याख्या बदलली नाही. 2002 च्या उपशामक सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअर) व्याख्येत मात्र आध्यात्मिक प्रश्नांची दखल घेण्याचे काम स्पष्ट लिहिले गेले. निरोगी माणसाच्या व्याख्येत ज्याला जागा मिळाली नाही, त्याला मरणाऱ्या माणसाच्या व्याख्येत मिळाली. आपल्या घरांतही तेच चालते. धडधाकट माणसाला कोणी विचारत नाही, "तू कशावर उभा आहेस?"

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले, ते देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 चे. केरळात कोझिकोडला 1993 पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सेवा स्वयंसेवकांच्या हाताने घराघरांत नेली आणि 2008 मध्ये त्या राज्याने तिचे धोरणच केले. राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा. आता गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीतही उपशामक सेवा आहे. या केंद्रांचे नाव 2023 मध्ये 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले. मराठीला त्यात नवल नाही, कारण विद्यामंदिर आणि नाट्यमंदिर या भाषेने केव्हाच पचवले आहेत. पण धर्माचे शब्द आणि सेवेचे शब्द आपल्याकडे किती सहज एकमेकांच्या घरात जाऊन बसतात, याची ती पाटी एक खूण आहे.

आता व्याख्या. सध्या सर्वाधिक मान्य असलेली मांडणी अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टीना पुचाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 च्या एका परिषदेतून पुढे आणली. तिचा आशय असा: माणूस जगण्यातला अर्थ कसा शोधतो आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी, त्याला जे पवित्र किंवा मोलाचे वाटते त्याच्याशी कसा जोडलेला असतो, ते म्हणजे अध्यात्म. या व्याख्येत नास्तिकालाही जागा आहे आणि आमच्या मायच्या वावरालाही.

पण दार इतके रुंद केले की कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले हे कळेनासे होते. ड्यूक विद्यापीठातले डॉ. हॅरल्ड कोनिग यांनी 2008 मध्ये यावर नेमके बोट ठेवले. प्रश्नावलीत विचारायचे, 'मनाला शांती आहे का? जगण्यात अर्थ वाटतो का?' होय म्हणणाऱ्याला आध्यात्मिक ठरवायचे आणि मग शोध लावायचा की आध्यात्मिक माणसे कमी खचतात. ज्याचे मन शांत आहे तो खचलेला नाही, यात शोध कसला? आधीच पुरणात घातलेला गूळ पोळी खाताना सापडल्याचा तो आनंद आहे. संशोधनात धर्माचे मोजता येईल असे आचरण मोजावे आणि अध्यात्माची रुंद व्याख्या खाटेशेजारच्या संवादासाठी राखावी, असा कोनिग यांचा सल्ला आहे. या विषयावरचा कुठलाही आकडा वाचताना तो सल्ला विसरू नये.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे, ती शब्दांची. 'धर्म' हा शब्द आपण 'रिलिजन'च्या मापाने कधी शिवलाच नव्हता. शेजारधर्म असतो, धर्मशाळा असते, रुग्णालय धर्मादाय असते आणि अद्रकीने भरलेली ट्रॉली ज्यावर तोलतात तो धर्मकाटा असतो. यातल्या एकातही पूजा नाही. धर्मादाय रुग्णालयांनी काही खाटा निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी राखल्या पाहिजेत, हा कायद्यातला धर्मही दानाचा आहे, देवाचा नव्हे.

'अध्यात्म' तर त्याहून फसवा. सुश्रुतसंहितेत रोगांची आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक अशी वाटणी आहे. आजचा वाचक आध्यात्मिक रोग म्हणजे आत्म्याची तळमळ समजेल. सुश्रुताच्या यादीत तिथे आई-बापाकडून आलेले, गर्भात जडलेले आणि दोष बिघडल्याने झालेले रोग आहेत, मूळव्याधही त्यात येते. 'अध्यात्म' म्हणजे आपल्या ठायी असलेले, आतून उपजलेले, एवढाच तिथला अर्थ. चरकाने उपचारांचे तीन प्रकार सांगितले: मंत्र, होम, उपवास यांचा दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधाचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरण्याचा सत्त्वावजय. विधी एका कप्प्यात आणि मन सावरणे दुसऱ्या कप्प्यात, ही वाटणी आपल्या वैद्यकाला ठाऊक होती. तीच आजची वाटणी, असे मात्र म्हणू नये. चरकाच्या कप्प्यांत आजच्या रुग्णालयाचे प्रश्न कोंबले की दोन्हींचे नुकसान होते.

मराठवाड्यात 'अध्यात्म' या शब्दाची खरी परीक्षा होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि 1956 मध्ये धम्मदीक्षा घेतली. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी धर्म वैयक्तिक आणि धम्म सामाजिक असा भेद केला आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दुसरा माणूस आला की धम्म आला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक याच्या नेमके उलट सांगते: धर्म संघटित आणि सामाजिक, अध्यात्म खासगी. शिवाय बौद्ध विचार आत्मा मानत नाही. अशा रुग्णाच्या हातात 'आत्मिक गरजा' असा मथळा असलेला फॉर्म दिला तर पहिल्याच ओळीला आपण त्याला परके केले. जो शब्द सर्वांसाठी म्हणून आणला, तोच काहींना बाहेर ठेवतो.

म्हणून मी रोजच्या वापरासाठी एक साधा शब्द सुचवतो: आधार. धर्म आणि आधार हे दोन्ही शब्द 'धृ' या एकाच धातूतून आले आहेत. धृ म्हणजे धरणे, तोलून धरणे. धर्म म्हणजे अनेकांनी मिळून, पिढ्यान्‌पिढ्या उभारलेली धारणा. तिला नाव असते, ग्रंथ, सण, विधी आणि अधिकारी माणसे असतात. आधार म्हणजे पाय डगमगल्यावर या एका माणसाचा हात जिथे जातो ते. तो देव असेल, वावर असेल, नातवाची शाळा असेल, चळवळीतले सोबती असतील किंवा 'अजून एक पोळा बघायचाय' एवढी इच्छा असेल. आरोग्यसेवेत 'आध्यात्मिक' म्हणतो तेव्हा मला हा आधार अभिप्रेत आहे. धर्माचा रकाना बघून भरता येतो. आधाराचा रकाना विचारल्याशिवाय भरता येत नाही.

फरक केला म्हणजे फारकत केली असे नव्हे. आमच्या गल्लीतले एक चाचा अर्धांगाने खाटेला खिळले. औषधे चालू होती, हात थोडा उचलू लागला होता, पण ते बोलेनात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने कारण काढले: सजदा करता येत नाही, म्हणून आपली नमाज गेली असे त्यांच्या मनाने घेतले होते. मशिदीतल्या मौलानांनी घरी येऊन सांगितले की आजाऱ्याला बसून, नाहीतर पडल्या पडल्या, नुसत्या इशाऱ्यानेही नमाज अदा करता येते. घरच्यांनी खाटेची दिशा बदलली. तिथे धर्म हाच आधार होता. 'आपण धर्मात पडत नाही' अशी सबब सांगून ती मुलगी गप्प बसली असती, तर उपचार अर्धाच राहिला असता.

कधी हाच धर्म छातीवरचा दगड होतो. "कोणत्या जन्माचं पाप फेडतेय" हे वाक्य न ऐकलेली परिचारिका मराठी मुलखात सापडणार नाही. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 55 वर्षांवरील 596 रुग्णांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकले, आपल्याला शिक्षा केली, अशा झगड्यात अडकलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक आढळला. कुष्ठरोग्यांना तर आपण हे पाप शतकानुशतके ऐकवले. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनात त्यांनी औषधाच्या जोडीला कुदळ-फावडे हाती दिले, तेव्हा पापाच्या जागी त्यांनी श्रमाचा आधार ठेवला होता.

प्रार्थनेने आजार बरा होतो का, हा प्रश्न वाचक विचारणारच. अमेरिकेत सहा रुग्णालयांतील बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवरचा मोठा प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या माणसांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की ठाऊक होते, त्यांच्यात ती 59 टक्के होती. ठाऊक नसलेल्यांत 52. कारण काहीही असो, या विषयाचे काम औषधाला पर्याय शोधण्याचे नाही, एवढे त्यावरून पक्के धरावे. आपल्या कपाशीच्या आणि मक्याच्या मुलखात ही रेघ फार ठळक हवी. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी त्या कायद्यासाठी जन्म वेचला ते नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. रुग्णाचा आधार ऐकणे आणि रुग्णाच्या भीतीवर धंदा करणे यांत गल्लत करणाऱ्याने या वाटेला येऊ नये.

दुसरी रेघ आपल्यासाठी आहे. आधी दुखणे थांबवावे. ठणका लागलेल्या माणसाला जगण्याचा अर्थ विचारणे हा क्रूरपणा आहे. मॉर्फीन मिळण्यातल्या अडचणी कमी व्हाव्यात म्हणून 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अध्यात्माच्या इतिहासात तिचीही नोंद मी करतो. शिवाय रुग्णापाशी आपण आपला आधार विकायला जात नसतो. वारकरी परिचारिकेने अभंग सुचवू नये आणि विवेकवादी डॉक्टरने माळ काढायला सांगू नये. रुग्णाने म्हटले, "बसा, दोन ओळी म्हणा," तर मात्र संकोच करू नये.

विचारायचे कसे? परदेशी प्रश्नावल्या उपयोगी आहेत, पण त्यांचे भाषांतर कानाला खडे लागल्यासारखे वाटते. "तुमची आध्यात्मिक संसाधने कोणती?" असे विचारले तर आमच्या गावची म्हातारी आधी लेकाकडे बघेल. आपल्या भाषेत हे प्रश्न आधीपासून आहेत. "जीव कशात अडकलाय?" "धीर कशानं येतो?" "आतापर्यंतची संकटं कशाच्या जोरावर काढली?" "कुणाला भेटायचं राहिलंय का?" एका वेळी एकच विचारावा. मग थांबावे. उत्तर लगेच येत नाही, आणि आलेच तर पुष्कळदा म्हशीच्या पारड्याचे किंवा धाकट्या जावेशी मोडलेल्या बोलण्याचे असते. ते किरकोळ समजू नये. पारडे दाव्याला बांधले का, एवढा निरोप गावाहून मागवून देणे हीदेखील या शास्त्रातली सेवा आहे.

धर्म आणि आधार वेगळे ओळखण्याचे आपल्याकडे मोठे उदाहरण गाडगेबाबांचे. मूर्तीपुढे पैसा टाकण्यावर आणि नवसाच्या बोकडावर त्यांनी कीर्तनातून आयुष्यभर कोरडे ओढले. पण कीर्तन सोडले नाही, आणि मागे देऊळ ठेवले नाही, धर्मशाळा ठेवल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात. धर्माच्या नावातले काय टाकायचे आणि काय ठेवायचे याचा निवाडा त्यांनी ग्रंथ न लिहिता केला. परक्या शहरात टेकायला भिंत मिळणे हा त्यांच्या लेखी आधार होता.

आमच्याच कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांमध्ये मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे नाव आहे. त्या काळातही रोग्यावर उपचार करणारा माणूस भिक्खूंच्या लेण्याला दान देत होता, एवढे दगड सांगतो. एखादा रोगी हातचा गेल्यावर घरी परतताना त्या वैद्याचा हात कशावर टेकत असेल, ते दगडाला सांगता येत नाही. त्याला विचारायला तिथे कोणी नव्हते. आपल्या रुग्णाला विचारायला आपण आहोत.

माय पुढे फार दिवस राहिली नाही. शेवटच्या रात्री सिस्टरने विचारले तेव्हा ती अद्रकीपर्यंत पोचली नव्हती, हिरीवरच बसून होती. "दमले," म्हणाली, "इथंच सावलीला बसते."

त्या खिडकीवरचा प्रश्न मला नंतर पुष्कळदा आठवला. कार्ड असते तेव्हा आपण विचारतो, "आधार आणलंय का?" टेकायचा आधार असता तर म्हटले असते, "आधार आणलाय का?" दोन वाक्यांत अनुस्वाराचा आणि एका कान्याचा फरक आहे. पहिला प्रश्न विचारायला खिडकीवर माणूस नेमलेला आहे. दुसरा विचारण्यासाठी कोणाची नेमणूक होत नाही. रात्रपाळीला जो जागा असेल त्याने तो विचारायचा. वाचकहो, ती पाळी आता तुमची.

पिशोर, तालुका कन्नड